टोड लेनवरचे दुकान

सहकाराच्या पदविका वर्गात पहिल्या आठवड्यातच इंग्लंडातल्या रॉचडेल गावाचे नाव येते. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ते ‘रॉशडेल’ असेही छापलेले असते. अठ्ठावीस विणकर, अठ्ठावीस पौंड, साल १८४४, एवढे पाठ असले की परीक्षेपुरते भागते. मीही तेवढेच पाठ केले होते. पुढे ग्राहक भांडारांची दप्तरे तपासण्यात वर्षे गेली. कुठे उधारीखाली दबून बंद पडलेले भांडार पाहिले. कुठे कोरमअभावी तहकूब केलेली वार्षिक सभा अर्ध्या तासाने मोजक्या माणसांत उरकलेली पाहिली. तेव्हा त्या अठ्ठावीस जणांकडे पुन्हा वळावेसे वाटले. सहकारी दुकान काढणारे ते जगातले पहिले नव्हते. त्यांच्या आधी इंग्लंडात अशी शेकडो दुकाने निघाली आणि बसली. मग यांचेच का चालले?

त्याचे उत्तर शोधायचे तर आधी ते गाव पाहिले पाहिजे.

रॉचडेल हे मूळचे बाजाराचे गाव. मँचेस्टरपासून सुमारे सोळा किलोमीटरवर, पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी, रॉच नदीच्या काठी वसलेले. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत त्याची नोंद आहे. १२५० च्या सुमारास एडमंड डी लेसी या जमीनदाराने राजाकडून आठवडी बाजाराचा आणि वर्षातून एका जत्रेचा परवाना मिळवला. असा परवाना म्हणजे गावाचे नशीब उघडणे होते, कारण बाजार भरवणे हा तिथे कुणालाही मिळणारा हक्क नव्हता. टेकडीवरच्या सेंट चॅड्स चर्चच्या बाहेर हा बाजार भरे. आजही गावातून त्या चर्चकडे जायला शंभरावर दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. या गावच्या जमिनीची मालकी पुढे बायरन घराण्याकडे गेली. कवी लॉर्ड बायरन हा पदवीने ‘रॉचडेलचा बॅरन’ होता, आणि त्यानेच १८२३ मध्ये ती जहागीर विकून टाकली.

डोंगरात मेंढ्या आणि उतारावरून येणारे मऊ पाणी, त्यामुळे इथे लोकरीचा धंदा जमला. रॉचडेलचे फ्लॅनेल दूरवर जाई. अठराव्या शतकात डॅनियल डेफो इथून गेला, तेव्हा त्याने या गावाची चांगले बाजाराचे गाव म्हणून नोंद केली. १८०४ मध्ये पेनाइन ओलांडणारा रॉचडेल कालवा पूर्ण झाला, बत्तीस मैल लांबीचा. त्यातून कोळसा, कापूस आणि कापड होड्यांतून वाहू लागले. गिरण्या उभ्या राहिल्या, आणि घरोघरी चालणारा हातमाग मागे पडत गेला.

१८४० च्या दशकाला इंग्लंडात ‘भुकेचे दशक’ म्हणतात. मजुरी घसरलेली, पाव महाग. काही मालक मजुरीचा काही भाग रोख न देता आपल्याच दुकानातून माल उचलायला लावत. इतर दुकानदार उधारीवर माल देत आणि त्या उधारीने गिऱ्हाईक कायमचे बांधले जाई. ज्याचे देणे थकले आहे तो वजनात मारले म्हणून तक्रार कुठल्या तोंडाने करणार? भेसळही भयंकर होती. पावात तुरटी, चहात वाळवलेली दुसरीच पाने. फ्रेडरिक अक्कुम या रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्येच यावर पुस्तक लिहून खळबळ उडवली होती, पण भेसळीविरुद्ध नीट कायदा यायला पुढे अनेक दशके गेली. आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

रॉचडेलमधले कामगार काही गप्प बसणारे नव्हते. तिथे चार्टिस्ट होते, मताधिकार मागणारे. रॉबर्ट ओवेनचे अनुयायी होते, नवा समाज वसवण्याचे स्वप्न पाहणारे. दारूबंदीचा प्रचार करणारे होते. त्यांतल्या काहींनी १८३३ मध्ये गावातल्या टोड लेन या गल्लीत, १५ नंबरच्या घरात, एक सहकारी दुकान काढले होते. ते दोन वर्षे चालले आणि १८३५ मध्ये बंद पडले. कारण अगदी आपल्या ओळखीचे: सभासदांना माल उधार दिला, वसुली झाली नाही. त्या बुडालेल्या दुकानातली माणसे, विशेषतः चार्ल्स हॉवर्थ, नऊ वर्षांनी नव्या दुकानातही होती. इथे मला या गोष्टीचे मर्म सापडते. रॉचडेलच्या नियमांत जे जे कडक आहे, ते आधी सोसलेल्या नुकसानीतून आलेले आहे.

१८४३-४४ मध्ये फ्लॅनेल विणकरांनी मजुरीवाढीची मागणी केली. ती फसली. संप करून भागत नाही, मताधिकार मिळत नाही, मग हातात काय उरते? रोज पोटात जाणारा पाव तरी आपल्या ताब्यात घ्यावा, एवढे उरते. आठवड्याला दोन पेन्स, पुढे तीन पेन्स, अशी वर्गणी ठरली. गोळा करणारे घरोघर जात. १५ ऑगस्ट १८४४ रोजी संस्था स्थापन झाली. पंधरा ऑगस्ट ही तारीख पुढे आपल्याला इतकी जवळची होणार होती, म्हणून ती लक्षात राहते. २४ ऑक्टोबरला नियमांची नोंदणी झाली. नाव ठेवले ‘रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स’. इक्विटेबल म्हणजे न्याय्य वाटणीचे. हा ओवेनच्या अनुयायांचा लाडका शब्द होता.

एक दुरुस्ती केली पाहिजे. अठ्ठावीसही जण विणकर नव्हते. विणकर होते, पण त्यांच्याबरोबर चांभार, सुतार, टोपीवाला असे इतर हुन्नरीही होते. दोन घास खाऊन असलेली, वाचणारी, सभा चालवता येणारी ही माणसे होती. अगदी उपाशी माणसाला आठवड्याचे दोन पेन्सही बाजूला काढता येत नाहीत.

३१, टोड लेन. ‘टोड’ म्हणजे बेडूक असे वाटते, पण तिथल्या बोलीत ‘जुनी गल्ली’ या शब्दांचेच ते रूप झाले असे सांगतात. एका जुन्या वखारीचा तळमजला, भाडे वर्षाला दहा पौंड. २१ डिसेंबर १८४४, शनिवार, वर्षातला सर्वांत लहान दिवस. संध्याकाळी दुकान उघडायचे होते. जमलेल्या अठ्ठावीस पौंडांतून भाडे आणि सामानसुमान जाऊन मालासाठी उरले होते जेमतेम सोळा पौंड. त्यात आणलेला माल असा: लोणी २८ पौंड, साखर ५६ पौंड, गव्हाचे पीठ सहा हंड्रेडवेट, ओटच्या पिठाचे एक पोते आणि थोड्या मेणबत्त्या. आपल्या मापात सांगायचे तर तेरा किलो लोणी, पंचवीस किलो साखर, तीनशे किलो पीठ. आपल्याकडच्या लहानशा किराणा दुकानातही याहून जास्त माल असतो. गल्ला म्हणजे दोन पिंपांवर आडव्या टाकलेल्या फळ्या. त्यावर तराजू. विकायला आणलेल्या मेणबत्त्यांचाच उजेड, कारण गॅस कंपनीने गॅस द्यायला नकार दिला होता.

बाहेर गिरण्यांमधली पोरे जमली होती, म्हाताऱ्या विणकरांचे दुकान उघडते म्हणून टर उडवायला. आत सगळे एकमेकांकडे बघत उभे, फळी कुणी काढायची? अखेर एकाने पुढे होऊन दारावरची फळी काढली आणि दुकान सुरू झाले. सॅम्युएल ॲशवर्थ विक्रीला उभा राहिला, विल्यम कूपरने पैसे घेतले. सुरुवातीला आठवड्यातून दोनच संध्याकाळी, सोमवारी आणि शनिवारी, दुकान उघडे असे, कारण चालवणारे दिवसभर आपापल्या कामावर असत.

आता त्यांच्या नियमांकडे येतो, कारण संस्था उभी राहिली ती या नियमांवर. रोखीनेच विक्री, कुणालाही उधार नाही, संस्थापकालाही नाही. माल शुद्ध, वजन पुरे. बाजारभावानेच विकायचे, भाव पाडून शेजारच्या दुकानदाराशी भांडण काढायचे नाही. भागभांडवलावर ठरावीक मर्यादेतच व्याज. आणि उरलेला नफा वाटायचा तो ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात. ही शेवटची कल्पना हॉवर्थची असे मानतात. समजा, एका सभासदाचे दहा शेअर आहेत पण त्याने वर्षभरात काहीच घेतले नाही, आणि दुसरीचा एकच शेअर आहे पण तिच्या घरातले सगळे पीठमीठ इथूनच जाते. नफ्याचा वाटा दुसरीला जास्त. नफा मुळात तिच्याच खिशातून आलेला, तो तिलाच परत. लँकेशायरच्या घराघरांत याला ‘डिव्ही’ म्हणू लागले. तो बहुतेक जण संस्थेतच ठेवत, म्हणून गरिबाच्या नावावर न कळत बचत साठत गेली.

याहून मोठा नियम एक सभासद, एक मत हा. शेअर कितीही असोत. १८४४ मध्ये या गावातल्या बहुतेक कामगारांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हते. शहरी कामगारांपैकी पुष्कळांना ते १८६७ मध्ये मिळाले. स्त्रियांना तर त्यानंतर अर्धे शतक वाट पाहावी लागली. विवाहित स्त्रीची स्वतःची कमाईसुद्धा १८७० पर्यंत कायद्याने नवऱ्याची होती. टोड लेनवर मात्र स्त्रीला आपल्या नावाने सभासद होता येई आणि मत देता येई. एलायझा ब्रायर्ली ही इथली पहिली स्त्री सभासद मानली जाते, १८४६ मधली. मला विचाराल तर रॉचडेलची खरी थोरवी इथे आहे. पार्लमेंटने नाकारलेले त्यांनी किराणा दुकानात देऊन टाकले.

पहिल्या वर्षाअखेर सभासद ७४ झाले, भांडवल १८१ पौंड. १८५० मध्ये ६०० सभासद. १८६० मध्ये ३,४५०. किराण्यापाठोपाठ मांस, कापड, चपला. पिठाची शुद्धता आपल्या हातात राहावी म्हणून १८५० मध्ये वेगळी पिठाची गिरणी काढली. १८४९ मध्ये वरच्या मजल्यावर वाचनखोली सुरू झाली. पुढे नफ्यातला अडीच टक्के भाग शिक्षणासाठी बाजूला काढायचे ठरले, आणि त्यातून ग्रंथालय वाढत गेले. सरकारी शाळा गावोगाव निघण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

पार्लमेंटने १८५२ मध्ये अशा संस्थांसाठी पहिला कायदा केला. १८६२ च्या सुधारणेने सभासदांची जबाबदारी मर्यादित झाली आणि एका संस्थेला दुसऱ्या संस्थेचे भाग घेता येऊ लागले. लगेच पुढच्या वर्षी उत्तरेकडच्या संस्थांनी मिळून घाऊक खरेदीची मध्यवर्ती संस्था काढली. तिचा पहिला अध्यक्ष रॉचडेलचाच एब्रहॅम ग्रीनवुड. हीच पुढे वाढत वाढत इंग्लंडची प्रचंड ‘को-ऑपरेटिव्ह होलसेल सोसायटी’ झाली. जॉर्ज जेकब होलिओक या पत्रकाराने १८५८ मध्ये रॉचडेलच्या या प्रयोगावर पुस्तक काढले. त्याचे भाषांतर होऊन ते युरोपभर गेले, आणि टोड लेनची वार्ता जगाला कळली.

एका ठिकाणी मात्र ते घसरले. १८५४ मध्ये पायोनियरांनी पुढाकार घेऊन कापडाची सहकारी गिरणी काढली. तिथे काम करणाऱ्या मजुरांनाही नफ्यातला वाटा द्यायचा ठरले. गिरणी नफ्यात आली, तशी फक्त लाभांशासाठी भाग घेतलेल्यांची गर्दी झाली. १८६२ मध्ये त्यांनी बहुमताने मजुरांचा वाटा रद्द केला. मतदान नियमाप्रमाणेच झाले, आणि तत्त्व हरले. आपल्याकडे हा प्रसंग अभ्यासक्रमात क्वचित सांगतात. तो सांगितलाच पाहिजे.

तो काळही कठीण होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येणे बंद झाले आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. १८६२ मध्ये पायोनियरांचे सभासद घटले, पण पुढच्याच वर्षी पुन्हा वाढले. बेकार गिरणी कामगारांनी गावाबाहेरच्या डोंगरावर दगडी रस्ता बांधला. त्याला आजही ‘कॉटन फॅमिन रोड’ म्हणतात. गुलामांच्या श्रमावर पिकलेला कापूस नको म्हणणारेही या गावात होते. याच गावात जन्मलेला खासदार जॉन ब्राइट हा त्या युद्धात उत्तरेकडच्या राज्यांच्या बाजूने ठामपणे बोलत राहिला. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या लोकांनी ‘जॉर्ज ग्रिसवोल्ड’ या जहाजातून लँकेशायरच्या भुकेल्यांसाठी पीठ पाठवले. त्यातले एक पिंप आजही रॉचडेलच्या संग्रहालयात आहे.

या टंचाईचा दुसरा धागा थेट आपल्या अंगणात येतो. अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने हिंदुस्थानी कापसाला मागणी आली. वऱ्हाडचा, हिंगणघाटचा कापूस मुंबई बंदरातून बोटीत चढू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरची ती प्रसिद्ध बेभान सट्टेबाजी झाली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. लँकेशायरचे कामगार मात्र या ‘सुरती’ कापसावर नाखूश होते. धागा आखूड, तुटणारा. त्यामुळे काम कमी होई आणि मजुरी बुडे.

आता आजचे रॉचडेल. तिथे जाणाऱ्याला आधी दिसतो तो टाउन हॉल. गॉथिक धर्तीची ही वास्तू १८७१ मध्ये उघडली. पायाचा दगड ब्राइटने बसवला होता, वास्तुकार विल्यम हेन्री क्रॉसलँड. खर्च ठरल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढून सुमारे एक लाख साठ हजार पौंडांवर गेला. १८८३ मध्ये मनोरा आगीत जळाला, आणि आल्फ्रेड वॉटरहाउसने आजचा घड्याळाचा मनोरा बांधला. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये ही वास्तू पुन्हा लोकांसाठी खुली झाली. समोरची रॉच नदी विसाव्या शतकात रस्त्याखाली गाडून टाकली होती. २०१६ मध्ये ती गावाच्या मधोमध पुन्हा उघडी केली, तेव्हा तिच्यावरचा मध्ययुगीन पूलही उजेडात आला. जवळच ग्रेसी फील्ड्स या गायिकेचा पुतळा आहे. ती १८९८ मध्ये इथेच जन्मली. गावाबाहेर हॉलिंगवर्थ तलाव आहे. कालव्याला पाणी पुरवायला बांधलेला हा तलाव, आणि समुद्राकाठी सहलीला जाणे न परवडणारे कामगार सुट्टीला इथे येत. त्याला ‘विणकरांचे बंदर’ म्हणत.

पण सहकाराचा माणूस वळतो तो टोड लेनकडेच. संस्थेने १८६७ मध्ये याच रस्त्यावर मोठी इमारत बांधली आणि जुने दुकान सोडले. मधल्या काळात तिथे भलतेच दुकान होते. पुढे सहकारी चळवळीने जागा परत घेतली आणि १९३१ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. आत पिंपांवरच्या फळ्या तशाच मांडून ठेवल्या आहेत. १८६५ चे एक छायाचित्रही प्रसिद्ध आहे. त्यात अठ्ठाविसांपैकी तेरा जण आहेत. काळे कोट, गंभीर चेहरे, हात मांडीवर. फोटोसाठी खास बसलेली, वय झालेली माणसे. आपल्या एखाद्या विकास सोसायटीच्या कचेरीत भिंतीवर संस्थापक संचालकांचा फोटो असतो, तसाच हुबेहूब.

मूळ संस्था आज त्या नावाने उरलेली नाही. शेजारच्या संस्थांशी एकामागून एक विलीनीकरणे होत ती मोठ्या समूहात गेली. ते शेवटचे विलीनीकरण २००७ मध्ये झाले. संस्थेचे नाव गेले, पण तिचे नियम जगभर पसरले. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ मध्ये रॉचडेलच्या तत्त्वांना मान्यता दिली. पुढे काळ बदलला, तेव्हा या तत्त्वांची फेरतपासणी करायला संघाने एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते पुण्याचे प्रा. द. गो. कर्वे. बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले, रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झालेले. कर्वे आयोगाच्या अहवालावर १९६६ मध्ये व्हिएन्नाच्या अधिवेशनात सहा तत्त्वे ठरली. रोखीचा नियम आणि राजकीय-धार्मिक तटस्थता ही स्वतंत्र तत्त्वे म्हणून यादीतून गळाली, आणि सहकारी संस्थांनी एकमेकींना सहकार्य करावे हे नव्याने आले. टोड लेनचे नियम जगासाठी नव्याने लिहिण्याचे काम एका मराठी माणसाकडे आले, हे आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवे.

आपली मुख्य वाट वेगळी राहिली. १९०४ च्या कायद्याने आधी पतपुरवठा आला, जर्मनीतल्या राइफायझेनच्या धर्तीचा. मग १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा साखर कारखाना उभा केला, आणि महाराष्ट्राचा सहकार म्हणजे साखर असेच समीकरण झाले. टोड लेनच्या जवळ जाणारे म्हणाल तर मुंबईचे ‘अपना बाजार’. १९४८ मध्ये नायगावात, गिरणगावच्या कामगारवस्तीत निघालेले. तीच गिरणी, तोच किराणा.

आज मोठमोठ्या दुकानांच्या आणि घरपोच माल देणाऱ्या ॲपच्या स्पर्धेत ग्राहक भांडारे मागे पडली आहेत, हे खरे. पण भांडार स्पर्धेने बुडण्याआधी बहुतेक वेळा सभासदाने पाठ फिरवलेली असते. मी तपासलेल्या दप्तरांत लाभांश भागांवर वाटलेला असे, खरेदीवर सूट देण्याची तरतूद पोटनियमात असूनही कोरीच राही. सभासदाला आपले दुकान आपले का वाटावे, याचे कारणच उरत नसे.

सप्टेंबरअखेरपर्यंत तुमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. नोटीस आणि अहवाल हातात पडला की ताळेबंद नीट वाचा. सभेला जा, कोरम होईपर्यंत बसा. आणि हात वर करून दोनच गोष्टी विचारा: थकबाकी कुणाकुणाकडे आहे, आणि शिक्षण निधीतले पैसे यंदा कशावर खर्च झाले. हे विचारायला तुमचा एक शेअर पुरेसा आहे.